गाडीच्या लीजची मध्यस्थी: धंदा कसा चालतो आणि पैसे कोठून येतात

नवी गाडी कर्जावर घेणे आणि नवी गाडी लीजवर घेणे यांतला फरक बहुतेकांना महिन्याच्या रकमेपुरताच ठाऊक असतो, आणि लीज ब्रोकरचे काम नेमके तिथून सुरू होते. कर्जात गाडी ग्राहकाची असते आणि बँकेचा तिच्यावर बोजा असतो. लीजमध्ये गाडी लीजिंग कंपनी विकत घेते, तीन ते पाच वर्षांसाठी वापरायला देते, दरमहा भाडे घेते आणि मुदत संपली की गाडी परत घेते किंवा ठरलेल्या किमतीला विकते. या दोन पक्षांना एकत्र आणणारा, चार ठिकाणची कोटेशन्स मागवून त्यांची तुलना करणारा, कागदपत्रे पूर्ण करून गाडी ताब्यात मिळेपर्यंत पाठपुरावा करणारा आणि त्याबद्दल दलाली घेणारा माणूस म्हणजे लीज ब्रोकर. हा धंदा सुरू करायला भांडवल थोडे लागते, गाड्या विकत घ्याव्या लागत नाहीत आणि शोरूमही लागत नाही. त्यामुळे तो सोपा दिसतो, पण ज्या कराराचा शेवट चार वर्षांनी होणार आहे तो आज नीट समजावून सांगता येणे हीच या धंद्यातली खरी पात्रता आहे, आणि ती मिळवायला वेळ लागतो.

भारतात ब्रोकरच्या पलीकडच्या बाजूला कोण असते, ते आधी पाहू. जपानी समूहाची ओरिक्स १९९५ पासून येथे आहे. फ्रेंच मूळ असलेली एएलडी ऑटोमोटिव्ह आणि डच लीजप्लॅन या दोन कंपन्या २०२३ मध्ये एकत्र आल्या आणि आता आयव्हेन्स या नावाने ओळखल्या जातात. अरव्हाल आहे, महिंद्रा फायनान्सची क्विकलिझ आहे, कोटक महिंद्रा प्राइमसारख्या वित्तसंस्था आहेत. मारुती सुझुकीने २०२० मध्ये ओरिक्सच्या साहाय्याने वर्गणीवर गाडी देण्याची योजना काढली, म्हणजे उत्पादकही या क्षेत्रात उतरले आहेत. यांपैकी प्रत्येकाची स्वतःची विक्री यंत्रणा आहे आणि हजारो कर्मचारी असलेल्या मोठ्या कंपन्यांकडे त्यांचे लोक थेट पोचतात. ब्रोकरला जागा उरते ती मधल्या थरात: चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील शे-दोनशे माणसांचा कारखाना, दहा डॉक्टरांचे रुग्णालय, सनदी लेखापालांची फर्म, नुकताच पैसा उभारलेला एखादा सॉफ्टवेअर व्यवसाय. अशा ठिकाणी मोठ्या लीजिंग कंपनीचा अधिकारी क्वचितच दोनदा जातो. ब्रोकर जाऊ शकतो.

गाडी कोणाच्या नावावर?

ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो आणि त्याचे उत्तर ऐकून तो गोंधळतो, कारण गाडी लीजिंग कंपनीची असली तरी आरसी बुकावर नाव सहसा ती वापरणाऱ्या कंपनीचे किंवा कर्मचाऱ्याचे असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मालक या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात भाडेखरेदी, लीज किंवा तारण यांपैकी कोणत्याही करारानुसार वाहन ज्याच्या ताब्यात आहे, त्यालाच मालक मानले आहे. त्याच कायद्याच्या कलम ५१ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावर लीजचा शेरा घातला जातो. त्यासाठी आरटीओत नमुना ३४ भरावा लागतो आणि लीज संपल्यावर शेरा काढण्यासाठी नमुना ३५ लागतो. आयकराच्या दृष्टीने मात्र खरा मालक लीजिंग कंपनीच राहते आणि घसारा, म्हणजे गाडीच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट, हीही तीच घेते. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर असली म्हणून घसारा नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयसीडीएस कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले. एकाच गाडीचा मालक एका कायद्यात एक आणि दुसऱ्या कायद्यात दुसरा, ही स्थिती ब्रोकरने कागदावर चौकट काढून ग्राहकाला दाखवावी, कारण वाहतूक पोलिसांचे चलान, अपघाताची जबाबदारी आणि विम्याची मुदत पाळणे या सगळ्या गोष्टी आरसीवरच्या नावाकडे येतात.

नोंदणी व्यक्तीच्या नावाने करायची की कंपनीच्या, यालाही पैशांची बाजू आहे. महाराष्ट्रात कंपनीच्या नावाने नोंदल्या जाणाऱ्या गाडीवर एकरकमी मोटार वाहन कर व्यक्तीच्या नावावरील गाडीपेक्षा जास्त बसतो, त्यामुळे कर्मचाऱ्याच्या नावाने नोंदणी केल्यास भाडे कमी येते. दोन लीजिंग कंपन्यांच्या कोटेशनमध्ये एकाच गाडीसाठी मोठा फरक दिसला, तर ब्रोकरने सर्वात आधी नोंदणी कोणाच्या नावाने गृहीत धरली आहे ते तपासावे.

लीज आणि स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी यांची सरमिसळही होऊ देऊ नये. गोव्यात पर्यटकांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या ज्या गाड्या मिळतात, त्या रेंट-अ-कॅब योजना, १९८९ खाली येतात. त्या योजनेत परवाना घेणाऱ्याकडे किमान ५० गाड्या असणे अपेक्षित आहे. ब्रोकरने स्वतःच्या नावावर दोन-तीन गाड्या घेऊन त्या 'लीजवर' देण्याचा मोह धरला, तर तो मध्यस्थी सोडून विनापरवाना भाड्याच्या व्यवसायात शिरतो.

भाडे कसे ठरते

भाड्याच्या पोटात तीन रकमा असतात आणि ब्रोकरला त्या सुट्या करता आल्याच पाहिजेत. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. लीजिंग कंपनीला गाडी, वस्तू व सेवा कराचे क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर पुढच्या करातून वळता करण्याची सोय) वजा जाता आणि नोंदणी धरून, १२ लाख रुपयांना पडली. मुदत ४८ महिने. चार वर्षांनी गाडीची किंमत ४ लाख राहील असे धरले. या मुदतीअखेरच्या किमतीला या धंद्यात सगळे आरव्ही म्हणतात. मधले ८ लाख रुपये म्हणजे गाडीची झीज, आणि ती ४८ महिन्यांत वाटली की दरमहा १६,६६७ रुपये होतात. दुसरी रक्कम व्याजाची: सुरुवातीला १२ लाख अडकलेले आणि शेवटी ४ लाख, म्हणजे सरासरी ८ लाख. त्यावर १० टक्के धरले तर वर्षाला ८०,०००, म्हणजेच महिन्याला ६,६६७. तिसरी रक्कम सेवांची, म्हणजे देखभाल, विमा, रस्त्यावर बंद पडल्यास मदत. ती ४,५०० धरली, तर एकूण भाडे २७,८३३ रुपये होते. लीजिंग कंपन्यांची प्रत्यक्ष सूत्रे याहून बारीक असतात, परंतु एवढ्या ढोबळ हिशेबानेही समोरचे कोटेशन अवाजवी आहे की नाही ते कळते.

आता यात एकच आकडा हलवून पाहा. आरव्ही ४ लाखांऐवजी ४ लाख ६० हजार धरली, तर झीज दरमहा १५,४१७ वर येते, व्याज किंचित वाढून ६,९१७ होते आणि भाडे बरोबर १,००० रुपयांनी उतरते. गाडी तीच, व्याजदर तोच, सेवाही त्याच. ग्राहकाला स्वस्त वाटणारे कोटेशन प्रत्यक्षात फक्त खर्च पुढे ढकलणारे असू शकते, कारण ते ६०,००० रुपये कोठे गेलेले नाहीत. ते मुदतीच्या शेवटी कोणाच्या तरी अंगावर येणार आहेत, आणि कोणाच्या, हे करारातले एक कलम ठरवते. काही करारांत आरव्हीची जोखीम लीजिंग कंपनी घेते: गाडी परत दिली की विषय संपला, बाजारात ती कितीला विकली जाते याच्याशी ग्राहकाचा संबंध राहत नाही. काही करारांत ग्राहक ती जोखीम उचलतो, म्हणजे गाडी आरव्हीपेक्षा कमी किमतीला गेली तर फरक त्याने भरायचा. पहिल्या प्रकारात किलोमीटरची मर्यादा आणि गाडीच्या स्थितीचे निकष कडक असतात. वर्षाला १५,००० किलोमीटर ठरले असताना नाशिक-मुंबई रोजची ये-जा केली, तर प्रत्येक जास्तीच्या किलोमीटरमागे आकार लागतो. दुसऱ्या प्रकारात हे निकष सैल दिसतात, आणि सैल दिसतात म्हणूनच ग्राहकाला ते आवडतात.

माझे मत असे की ब्रोकरने कोणत्याही ग्राहकाला फक्त मासिक भाड्याचा तक्ता देऊ नये. भाडे, आरव्ही, आरव्हीची जोखीम कोणाची, किलोमीटरची मर्यादा आणि मध्येच करार मोडल्यास भरावी लागणारी रक्कम, हे पाचही एकाच पानावर असावेत. मुदतीनंतर गाडी आरव्हीला विकत घ्यायची झाल्यास त्या रकमेवर कर वेगळा लागणार का, हेही त्याच पानावर लिहून घ्यावे, कारण लीजिंग कंपनीने खरेदीच्या वेळी कराचे क्रेडिट घेतलेले असेल तर जुन्या गाडीच्या विक्रीला मिळणारी केवळ नफ्यावर कर देण्याची सवलत तिला लागू होत नाही आणि पूर्ण रकमेवर कर येतो. शिवाय करारातच खरेदीची हमी लिहिली गेली, तर व्यवहार भाड्याचा न राहता हप्त्यांनी केलेल्या विक्रीचा ठरू शकतो आणि कराची सगळी मांडणीच बदलते. म्हणून सावध करारांत 'विकत घेण्याची संधी' असते, 'विकण्याचे वचन' नसते.

करांची बाजू

चालकाशिवाय दिलेल्या गाडीच्या भाड्यावर वस्तू व सेवा कराचा दर तोच असतो, जो ती गाडी विकताना लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलसाठी १,२०० घन सेंटिमीटर किंवा डिझेलसाठी १,५०० घन सेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेल्या छोट्या गाड्यांवर १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि विजेच्या गाड्यांवर ५ टक्के. त्याआधी मोठ्या गाड्यांवर २८ टक्के कर आणि वर उपकर मिळून भार ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जात असे. वरच्या उदाहरणातील २७,८३३ रुपयांवर संपूर्णपणे हे दर लावले, तर छोट्या गाडीला भाडे ३२,८४३, मोठ्या गाडीला ३८,९६६ आणि विजेच्या गाडीला २९,२२५ रुपये पडते. लीजच्या बाजारात विजेच्या गाडीचे आकर्षण का वाढले, याचे उत्तर पर्यावरणप्रेमात शोधण्याआधी या तीन आकड्यांत शोधावे.

भाडे देणाऱ्या कंपनीला हा कर परत मिळेल का? सर्वसाधारणपणे नाही. चालकासह १३ पर्यंत आसने असलेल्या प्रवासी गाड्यांच्या खरेदीवरील आणि भाड्यावरील इनपुट क्रेडिट केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) ने रोखले आहे. गाड्यांची पुढे विक्री करणारा, प्रवासी वाहतूक करणारा किंवा वाहन चालवण्याचे प्रशिक्षण देणारा यांना अपवाद आहे. एखाद्या कारखानदाराला 'जीएसटी परत मिळतो' असे सांगून लीज विकणारा ब्रोकर वर्षभराने त्या कारखानदाराच्या लेखापरीक्षकासमोर उभा राहील, एवढे नक्की.

नोकरदारांसाठी लीजचा खरा फायदा आयकरात आहे. कर्मचारी कर्ज काढून गाडी घेतो तेव्हा हप्ता करोत्तर पगारातून जातो. मालक-कंपनीने, म्हणजे तो जिथे नोकरी करतो त्या कंपनीने, लीजवर घेऊन त्याला दिलेल्या गाडीचे भाडे त्याच्या सीटीसीतून (कंपनी त्याच्यावर करते त्या एकूण पगारखर्चातून) करपूर्व वळते होते, आणि त्या बदल्यात गाडीच्या वापराचे एक ठरावीक मूल्य त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांत, गाडी कामासाठी आणि खासगी असे दोन्ही प्रकारे वापरली जात असेल आणि खर्च मालक करत असेल, तर हे मूल्य १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला दरमहा १,८०० रुपये, त्यावरील इंजिनाला २,४०० रुपये आणि चालक दिल्यास आणखी ९०० रुपये असे होते. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने ब्रोकरने माहितीपत्रकावर हे जुने आकडे छापून ठेवू नयेत आणि प्रत्येक आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला चालू नियम सनदी लेखापालाकडून लिहून घ्यावा. तत्त्व असे आहे की ३० टक्क्यांच्या टप्प्यातील कर्मचाऱ्याचे, उपकर धरून, दर १०,००० रुपये भाड्यामागे ३,१२० रुपये कर वाचतात, आणि त्यातून वरील मूल्यावरचा कर वजा जातो. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची आणि ८०सी ची वजावट मिळत नाही, मात्र मालकाने दिलेल्या गाडीचे मूल्य ठरवण्याची पद्धत तेथेही लागू राहते. म्हणूनच अलीकडे कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांना लीज धोरणात रस वाटू लागला आहे. गाडी पूर्णपणे खासगी कामासाठी वापरली जात असेल, तर मात्र ही ठरावीक रकमेची सोय राहत नाही आणि प्रत्यक्ष खर्चच उत्पन्नात धरला जातो.

स्वतःचा व्यवसाय असलेल्या डॉक्टरचे किंवा व्यापाऱ्याचे गणित निराळे आहे. गाडी विकत घेतल्यास तिच्यावर १५ टक्के दराने, दरवर्षी घटत जाणाऱ्या किमतीवर घसारा मिळतो आणि कर्जाचे व्याज खर्चात धरता येते. लीजवर घेतल्यास व्यवसायासाठीच्या वापरापुरते भाडे खर्चात जाते. पहिल्या एक-दोन वर्षांत कोणता मार्ग हलका पडतो हे नफ्यावर अवलंबून असते, आणि काही ग्राहकांना लीज न घेण्याचाच सल्ला प्रामाणिकपणे द्यावा लागतो. गाडी दहा वर्षे वापरणाऱ्या, वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला लीजचा फारसा उपयोग नाही.

कंपन्यांच्या लेखाविभागाशी बोलताना आणखी एक बारकावा लागतो. लीजवरची गाडी ताळेबंदात दिसत नाही, असे विक्रेते अनेक वर्षे सांगत आले. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे लेखामानक लागू झाले आणि ते ज्या कंपन्यांना लागू आहे त्यांना लीजची जबाबदारी ताळेबंदात दाखवावी लागते. अल्प मुदतीच्या आणि कमी मूल्याच्या वस्तूंच्या लीजला सूट आहे, पण मोटारगाडी कमी मूल्याच्या वस्तूंत बसत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि २५० कोटी रुपये किंवा अधिक नक्त मूल्याच्या कंपन्या या मानकाखाली येतात. त्याहून लहान कंपन्यांना जुने एएस १९ लागू असते आणि तेथे ऑपरेटिंग लीज, म्हणजे निव्वळ वापरासाठीची लीज, ताळेबंदाबाहेर राहू शकते. म्हणजे ब्रोकरचा जो नैसर्गिक ग्राहक आहे, मध्यम आकाराची कंपनी, तिच्यासाठी जुना युक्तिवाद अजून बराचसा खरा आहे. मात्र समोरची कंपनी कोणत्या मानकाखाली येते ते विचारल्याशिवाय तो मांडू नये.

नोकरी सुटली तर?

कर्मचाऱ्यांच्या लीजमध्ये सर्वाधिक कटुता याच प्रसंगातून उद्भवते, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. करार लीजिंग कंपनी आणि मालक-कंपनी यांच्यात असतो, भाडे कर्मचाऱ्याच्या पगारातून जाते आणि गाडी त्याच्या घरी असते. अठराव्या महिन्यात त्याने राजीनामा दिला की तीन वाटा उरतात. नव्या मालक-कंपनीचा त्याच लीजिंग कंपनीशी करार असेल किंवा ती तो करायला तयार असेल, तर लीज तिकडे वर्ग होते. पुण्यासारख्या शहरात हे कधीकधी जमते, सांगली-कोल्हापुरात दुर्मीळ आहे. दुसरी वाट म्हणजे कर्मचाऱ्याने उरलेली रक्कम, मुदतपूर्व बंद करण्याचा आकार आणि कर भरून गाडी विकत घेणे. तिसरी, गाडी परत देणे आणि दंड भरणे, जो बहुतेक वेळा त्याच्या अंतिम हिशेबातून कापला जातो. करारातले सूत्र असे असते की सुरुवातीच्या महिन्यांत बंद केल्यास रक्कम डोळे विस्फारणारी येते, कारण झालेली झीज भरलेल्या भाड्यापेक्षा जास्त असते.

ब्रोकरने यावर करायचे काम साधे आहे, पण ते फार थोडे जण करतात. लीजवर सही होण्याआधी बाराव्या, चोविसाव्या आणि छत्तिसाव्या महिन्यात करार बंद केल्यास किती रुपये लागतील, याचा तक्ता लीजिंग कंपनीकडून लेखी मागवून तो कर्मचाऱ्याला द्यावा आणि मिळाल्याची सही घ्यावी. काही जण तो तक्ता पाहून लीज घेत नाहीत. ती दलाली गेली असे समजावे. तरी तक्ता द्यावाच, कारण चाळीस कर्मचाऱ्यांच्या कंपनीत एक भांडण झाले तरी मनुष्यबळ विभाग पुढची सगळी लीज थांबवतो.

सुरुवात करताना

लीज ब्रोकर या नावाचा वेगळा परवाना भारतात नाही. एकट्याने सुरुवात करायची तर मालकी हक्काचा व्यवसाय पुरतो, दोघे-तिघे असतील आणि जबाबदारी मर्यादित ठेवायची असेल तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) बरी. मोठ्या लीजिंग कंपन्या पॅनेलवर, म्हणजे आपल्या ठरलेल्या मध्यस्थांच्या यादीत, घेताना एलएलपीला किंवा खासगी मर्यादित कंपनीला झुकते माप देतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देणे पुरते. व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. उद्यम नोंदणी मोफत होते. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी बंधनकारक होते आणि दलालीवर १८ टक्के आकारावे लागतात. पण समोरच्या कंपन्या नोंदणीकृत बिल मागत असल्याने अनेक जण ती आधीच करून घेतात. व्यक्ती म्हणून बँकेचे किंवा एनबीएफसीचे (बँक नसलेल्या वित्तसंस्थेचे) थेट विक्री प्रतिनिधित्व, म्हणजे डीएसए, घेतले असेल तर २७ जुलै २०१८ पासून त्या दलालीवरचा कर उलट पद्धतीने बँक किंवा एनबीएफसी भरते. दलालीतून कापला जाणारा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० रुपयांपर्यंतच्या दलालीला तो लागत नाही.

दोन कुंपणे ओलांडू नयेत. लीजमध्ये विमा अंतर्भूत असतो म्हणून ब्रोकरने विम्यावर वेगळे कमिशन घ्यायचे ठरवले, तर त्यासाठी विमा नियामकाच्या नियमांनुसार एजंट किंवा पीओएसपी (ठरावीक विमा पॉलिसी विकण्याची परवानगी असलेली व्यक्ती) म्हणून पात्रता मिळवावी लागते. ती नसताना घेतलेला मोबदला बेकायदा ठरतो. आणि एनबीएफसीच्या वतीने संकेतस्थळ किंवा ॲप चालवून अर्ज घेणे, पतपडताळणीत भाग घेणे असे काम सुरू केले, तर रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाविषयीचे निर्देश लागू होतात का, ते त्या एनबीएफसीच्या अनुपालन विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. ग्राहकांचे पॅन, आधार, पगारपत्रके आणि बँक विवरणे ब्रोकरच्या संगणकात जमा होतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, त्यामुळे ही कागदपत्रे व्हॉट्सॲपवर फिरवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावूच नये.

दलाली आणि तिचा खुलासा

ब्रोकरला पैसे लीजिंग कंपनी देते, ग्राहक नाही. दलाली बहुधा गाडीच्या किमतीवर काही टक्के किंवा गाडीमागे ठरावीक रक्कम अशी असते, आणि ती शेवटी भाड्यातच मिसळलेली असते. वरच्या उदाहरणात एक टक्का धरला तरी १२,००० रुपये होतात. ४८ महिन्यांत वाटले तर महिन्याला २५० रुपये, म्हणजे ग्राहकाला न दिसण्याइतके. अडचण तेव्हा येते, जेव्हा एक कंपनी एक टक्का देते आणि दुसरी दोन. ग्राहकाला वाटते की ब्रोकर त्याच्या वतीने निवड करतो आहे, आणि ब्रोकरच्या खिशाला मात्र दुसरीच कंपनी सोयीची असते.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. तेथे ग्राहकांसाठी गाडीच्या कर्जाची किंवा भाड्याची मध्यस्थी करायला फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीची परवानगी लागते. व्याजदर वाढवला की दलाली वाढते अशा रचनेवर त्या संस्थेने २८ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली, आणि न सांगितलेल्या दलालीचा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर निकाल आला. भारतात या धंद्यावर अशी देखरेख नाही. म्हणूनच येथे ब्रोकरने कोटेशनच्या तळाशी 'या व्यवहारात आम्हाला लीजिंग कंपनीकडून इतकी दलाली मिळेल' अशी ओळ स्वतःहून लिहिणे मला आवश्यक वाटते. व्यवहारातही ती उपयोगी पडते, कारण खरेदी विभागातील अनुभवी अधिकारी हा प्रश्न कधी ना कधी विचारतोच, आणि तेव्हा उत्तर आधीच कागदावर असणे बरे.

पैसे हातात येण्याचा वेग हा नवख्याला सर्वात अनपेक्षित असतो. कंपनीशी बोलणी, तिच्या लेखापरीक्षित ताळेबंदांवरून पतमर्यादा मंजूर होणे, मास्टर लीज करारावर (सगळ्या गाड्यांना लागू असलेल्या मूळ करारावर) सह्या, मग प्रत्येक गाडीची मागणी, गाडीची प्रतीक्षा, आरटीओ, ताबा, पहिले भाडे, आणि त्यानंतर ब्रोकरचे बिल. लोकप्रिय मॉडेलची प्रतीक्षायादी लांबली की सगळी साखळी तेवढी लांबते. पहिल्या बोलण्यापासून पहिल्या दलालीपर्यंत सहा महिने गेले तर ते सामान्य समजावे, आणि तेवढ्या काळाचा घरखर्च व कार्यालयखर्च बाजूला ठेवूनच नोकरी सोडावी. पॅनेलच्या करारात दलाली परतीचे कलमही असते: लीज पहिल्या वर्षात बंद पडली, तर दिलेली दलाली पुढच्या बिलातून कापून घेतात. त्यामुळे मिळालेली दलाली सगळी नफा म्हणून खर्च न करता तिचा काही भाग त्या लीजला बारा महिने पूर्ण होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि प्रत्येक गाडीसमोर ताब्याची तारीख, दलाली परतीची शेवटची तारीख, विम्याच्या नूतनीकरणाची तारीख आणि लीज संपण्याच्या सहा महिने आधीची तारीख अशा चार तारखा नोंदवून ठेवाव्यात. यांतली चौथी तारीख आली की ग्राहकाकडे जावे, कारण गाडी परत द्यायची, आरव्हीला घ्यायची की नवी लीज करायची हे तो त्याच सुमारास ठरवत असतो, आणि दुसऱ्या लीजची दलाली मिळवायला पहिलीइतका खर्च येत नाही.